सोबतच्या माणसाची तक्रार: करण्याआधी, करताना आणि केल्यावर

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची भरलेली ट्रॉली आधी काट्यावर चढते. तिचं वजन होतं, मग ती गंजीवर खाली होते आणि जाताना खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचा पुन्हा काटा होतो. भरल्या वजनातून खाली वजन वजा केलं की कापूस किती ते ठरतं. कास्तकाराचा सगळा जीव पहिल्या वजनात असतो. तो डिस्प्लेकडे टक लावून पाहतो, आकडा हातावर लिहून घेतो. दुसऱ्या वजनाच्या वेळी मात्र तो गंजीपाशी ग्रेडरला समजावत असतो की कापूस ओला नाही, कवडी (खराब बोंडांचा कापूस) निघाली ती वरवरची आहे. किंवा पट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, खिडकीसमोर रांगेत उभा असतो. मापात पाप करायचं तर ते याच वेळी होतं. खाली गाडीचं वजन ४० किलोने जास्त नोंदलं की कापूस ४० किलोने कमी भरतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या हिशेबाने ४० किलोचे ३,२४४ रुपये झाले. चांगल्या हाताच्या बाईची दिवसभराची वेचणी एका बटणात गेली.

हे दिसतं कोणाला? मालक ऑफिसात असतो, कास्तकार गंजीपाशी. दिसतं ते काट्याच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसून पट्टी फाडणाऱ्याला. हा लेख त्याच्यासाठी आहे. तशीच खुर्ची प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, आश्रमशाळेत असते, सेवा सोसायटीत असते, रोजगार हमीच्या कामावरही असते.

अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य येतं ते हे: "जाऊ दे ना बाप्पा, आपल्याले कायले लफडं पाहिजे." या वाक्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. शहरात तक्रार केली तर माणूस नोकरी बदलतो. इथे ज्याची तक्रार करायची तो एकाच बोरवरून पाणी भरतो, त्याची बायको आणि आपली बायको एकाच बचत गटात असतात, आणि त्याच्या मामाकडे आपली बहीण दिलेली असते. गावात दोन पार्ट्या असतात आणि कोणतीही तक्रार पहिल्याच दिवशी कुठल्यातरी पार्टीच्या खात्यावर मांडली जाते. ही भीती खरी आहे. म्हणूनच तक्रार करायची की नाही, आणि करायची तर कशी, हे शांत डोक्याने ठरवावं लागतं.

चुगली हा शब्द इथे फार काम करतो. शाळेपासून आपल्याला शिकवलेलं असतं की चुगलखोर वाईट. पण चुगली म्हणजे काय, ते नीट पाहावं. चुगली साहेबाच्या मर्जीसाठी होते, ती तोंडी असते, पाठीमागे असते आणि तिला पुरावा लागत नाही. सांगणाऱ्याला नंतर "मी असं म्हटलंच नाही" म्हणता येतं. तक्रारीखाली आपलं नाव असतं, ती तपासता येते आणि खोटी निघाली तर आपल्याला भोवते. माणूस उशिरा येतो, मोबाईलवर बसतो, साहेबाची नक्कल करतो, हे वर जाऊन सांगणं चुगलीच. ज्यात तिसऱ्याच, त्या खोलीत नसलेल्या माणसाचं नुकसान होतं, ते दाबून ठेवणं वेगळं. आणि ज्या कागदावर आपलीही सही आहे, त्याबाबत गप्प बसलो तर आपण बाजूला उभे नसतो, भागीदार असतो. पट्टी फाडणाऱ्याची सही पट्टीवर असते.

मात्र तक्रारीआधी एक काम करावंच लागतं. जे दिसलं ते खरंच गैरवर्तन आहे, की यंत्राचा दोष आहे, की आपला गैरसमज? काट्याचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात हे फार स्वच्छ दिसतं.

समजा, एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीचं खाली वजन सोमवारी आणि शुक्रवारी ४० किलोने वेगळं आलं. लगेच चोरी म्हणता येत नाही. ट्रॅक्टरच्या टाकीत ५० लिटर डिझेल असेल तर त्याचंच वजन ४० किलोच्या आसपास भरतं. टाकी सोमवारी रिकामी आणि शुक्रवारी भरलेली असेल, तर फरक प्रामाणिक आहे. वेगवेगळ्या दिवसांच्या पट्ट्या समोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. एकाच फेरीतली दोन वजनं पाहावी लागतात. तासाभरात डिझेल ४० किलो बदलत नाही. मग पाहायचं हे: भरल्या गाडीच्या वेळी चालक कुठे होता आणि खाली गाडीच्या वेळी कुठे? पहिल्या वेळी तो खाली उतरलेला आणि दुसऱ्या वेळी सीटवर बसलेला असेल, तर साठ-सत्तर किलो कास्तकाराच्या अंगावर गेले. दोन्ही वेळा वर किंवा दोन्ही वेळा खाली, एवढाच नियम बरोबर. खाली गाडी खरंच काट्यावर चढली का, की मागच्या फेरीचा आकडा तसाच टाकला? गाडी चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य होतं का? प्लॅटफॉर्मच्या कडेला कोणी टेकून उभं होतं का?

यंत्राचा दोष वेगळा वागतो. प्लॅटफॉर्म आणि कठड्याच्या फटीत माती, गोटे, कापसाचा कचरा अडकला तर प्लॅटफॉर्म मोकळा हलत नाही आणि वजन चुकतं. ते सगळ्याच गाड्यांचं चुकतं. एखादा लोडसेल (प्लॅटफॉर्मखालचा वजन घेणारा भाग) गेला असेल तर तीच गाडी पुढे, मध्ये आणि मागे उभी केली की तीन आकडे वेगळे येतात. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. दोष सगळ्यांना सारखा लागत असेल तर तो काट्याचा. तो फक्त संध्याकाळी, फक्त एकट्याने आलेल्या म्हाताऱ्या कास्तकाराला, फक्त एका माणसाच्या पाळीत लागत असेल, तर तो माणसाचा. काटा दर १२ महिन्यांनी वैधमापन विभागाकडून पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं असतं. त्यावरची तारीख आधी वाचावी. तारीख उलटून गेली असेल तर पहिली तक्रार काट्याची आहे, माणसाची नव्हे.

आधी वस्तूची तक्रार, मग माणसाची. हा क्रम मी इथून पुढे पुन्हा सांगणार आहे, कारण बहुतेक तक्रारी इथेच बिघडतात.

आरोग्य केंद्रातली लस ठेवायची पेटी घ्या. या आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या खास फ्रीजमध्ये, लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तापमान दिवसातून दोनदा पाहून नोंदवहीत लिहायचं असतं, रविवारीही आणि सणालाही. आता अशी वही डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याचं पान, बाहेर ४५ अंश, आठवड्यात तीन दिवस लाइन रात्रभर गेलेली. आणि पानावर सकाळ ४, संध्याकाळ ४, सकाळ ४, संध्याकाळ ५, सगळं एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. आज २२ तारीख आणि २४ तारखेचा रकानाही भरलेला. ही वही कोणी तापमान पाहून भरलेली नाही.

नुकसान इथे पैशाचं नसतं. पोलिओची लस उष्णतेने बाद होते. बाटलीवरच्या व्हीव्हीएम खुणेचा रंग बदलतो म्हणून ते निदान दिसतं. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी या लसी गोठल्या की बाद होतात, आणि गोठणं ती खूण दाखवत नाही. त्यासाठी शेक टेस्ट, म्हणजे बाटली हलवून पाहण्याची तपासणी, करावी लागते. म्हणजे तांड्यावरून चार किलोमीटर चालत आलेली बाई बाळाला सुई देऊन घेते, बाळ रात्रभर तापाने रडतं, कार्डावर शिक्का पडतो, आणि संरक्षण मिळालेलं नसतं. हे तिला कधीच कळणार नाही.

अशा वेळी "आधी त्याच्याशी बोलून पाहू" म्हणत आठवडा घालवू नये. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं की अमुक तारखेपासून पेटीचं तापमान खात्रीलायक नोंदलेलं नाही, साठा तपासावा. त्यात माणसाचं नाव नसलं तरी चालेल. लस फेकून द्यायची नाही. "वापरू नये" अशी चिठ्ठी लावून ती थंडाव्यातच बाजूला ठेवायची, कारण ती चांगली की वाईट हे ठरवणं आपलं काम नाही आणि फेकली तर पुरावाही जातो. बाळांना सुई देणं थांबलं, की मग वही कोणी भरली हा प्रश्न.

त्या प्रश्नाचं उत्तर देतानाही न्यायाने वागावं. दोन रकाने रोज भरायचे आहेत, पण सुटीच्या दिवशी केंद्रावर कोणाची नेमणूकच नाही. जागा रिकाम्या आहेत. एकच बाई पेटी सांभाळते, उपकेंद्राला जाते, अहवालही तीच भरते. अशा ठिकाणी खोटी नोंद होणार हे आधीच ठरलेलं असतं. तक्रारीत हे लिहिलंच पाहिजे. नाही लिहिलं तर चौकशी येते, सगळ्यात खालच्या माणसाला पकडते आणि निघून जाते. शिक्षाही सारखी नसते. कायम नोकरीतल्याला कारणे दाखवा नोटीस मिळते, अकरा महिन्यांच्या आदेशावरच्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा आदेश पुन्हा निघतच नाही. म्हणून तिच्यावर डोळेझाक करा, असं मी म्हणत नाही. ती खोटं का लिहिते हे माहीत असताना ते कारण लपवून फक्त तिचं नाव देणं हाही खोटेपणा आहे.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. तेव्हापासून जुन्या फोटोचा फोटो काढून चढवणं, कामावर नसलेल्या माणसांचे फोटो टाकणं, असे प्रकार होत आले. फोटो चढवणारी मेट (कामावरची मुकादम) ही बहुतेकदा त्याच तांड्यावरची बाई असते आणि नावं कोणाची टाकायची ते दुसराच सांगतो. तक्रार करताना बोट दाबणारीकडे दाखवायचं की सांगणाऱ्याकडे, याचा विचार आधी करावा.

समोर बसून बोलावं कधी? नुकसान लहान असेल, भरून काढता येत असेल, आणि बोलल्याने पुरावा नष्ट होण्याची भीती नसेल तेव्हा जरूर बोलावं. "माझी हजेरीवर सही मारून ठेव" म्हणणारा सोबती याच वर्गातला. त्याला पहिल्याच वेळी सांगावं: "ही सही मी करणार नाही. साहेबांनी विचारलं तर तू आला नव्हतास हेच सांगीन. सांगायला जाणार नाही, पण विचारलं तर खोटं बोलणार नाही." एवढं स्पष्ट बोललेलं पुरतं. घुमवून बोललं की त्याला वाटतं आपण भाव करतोय. पैशाची अफरातफर, जिवाचा धोका आणि अंगचटीला जाणं, या तीन बाबतींत मात्र आधी इशारा देऊ नये. इशारा दिला की दुसऱ्या दिवशी वही बदललेली असते.

आणि लहान मुलांच्या बाबतीत तर नैतिक प्रश्न उरतच नाही. शाळेत, वसतिगृहात, आश्रमशाळेत सोबतच्या कर्मचाऱ्याने मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ सांगतं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. "मुख्याध्यापकांना सांगितलं होतं" हे पोलिसांना कळवणं होत नाही. "गावात बैठक बसली, त्याने माफी मागितली" हेही होत नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्या कळवण्यावरून दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. फोन १०९८ किंवा ११२. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नये, पाच जणांसमोर तर मुळीच नाही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, एकदाच लिहावं. तिचं नाव, शाळा, गाव कुठेही पसरू देऊ नये.

कामावरच्या बाईचा पुरुष सोबत्याने लैंगिक छळ केला, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तिची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, आणि कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तिला स्वतः तक्रार करणं शक्य नसेल तर घटना माहीत असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने करू शकते. आपल्याला कितीही राग आला तरी संमतीशिवाय तिचं नाव पुढे करू नये, कारण गावात त्याचा भोग तिलाच भोगावा लागतो. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांना हा कायदा आपल्यालाही लागू आहे, हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगावं, वेळ पडली तर जिल्ह्याला सोबत जावं.

आता पुराव्याची वही. साधी, शिवलेली, पानांवर आकडे घातलेली वही घ्यावी. सुटे कागद नकोत, कारण ते नंतर लिहिले असा आरोप होतो. ज्या दिवशी पाहिलं त्याच रात्री लिहावं. अशी नोंद चालत नाही: "आज पुन्हा त्याने गरिबाला लुटलं." अशी चालते: "९ जानेवारी, संध्याकाळी ६.२०. पट्टी क्रमांक अमुक. भरल्या वजनाच्या वेळी चालक गाडीतून उतरून बाजूला उभा होता. खाली वजनाच्या वेळी सीटवर बसलेला होता. मी खोलीच्या खिडकीतून पाहिलं. दोन हमाल हजर होते." पहिल्या नोंदीत आपला राग आहे. दुसरी कोणालाही तपासता येते. ऐकलेलं असेल तर कोणाकडून, कधी ऐकलं ते वेगळं लिहावं. अंदाज असेल तर "माझा अंदाज" असा शब्द घालून लिहावा. तीन-चार आठवडे अशी वही ठेवली की दोनपैकी एक होतं. नमुना स्पष्ट होतो, किंवा आपलाच संशय चुकीचा होता हे कळतं. दुसरंही फायद्याचंच. पण ही वाट पाहणं पैशाच्या प्रकरणापुरतं, लस आणि मुलांच्या बाबतीत नाही.

मूळ रजिस्टर घरी नेऊ नये. नेलं तर चोरीचा आरोप आपल्यावर येतो आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. आपल्या कामाच्या ओघात जो कागद आपल्या हातात येतो त्याचाच फोटो घ्यावा, दुसऱ्याचं कपाट उघडू नये. रुग्णाचं नाव आणि आजार फोटोत येऊ देऊ नये. फोटो ज्या फोनने काढला त्याच फोनमध्ये मूळ फाईल ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातली मूळ वेळेची माहिती निघून जाते. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. गावाच्या ग्रुपवर टाकणं ही तक्रार नव्हे. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामीच्या कायद्यातल्या अपवादात बसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये हा अपवाद आहे. दोनशे जणांच्या ग्रुपवर तोच मजकूर टाकला की ते संरक्षण जातं. शिवाय संध्याकाळपर्यंत तो दोन पार्ट्यांचा वाद होतो आणि काट्याचा प्रश्न कोणाच्या लक्षातही राहत नाही. निवडणूक तोंडावर असेल आणि जिवाचा धोका नसेल, तर तक्रार महिनाभर थांबवलेली बरी. वही मात्र चालू ठेवावी.

द्यायची कोणाकडे? खासगी जिनिंगमध्ये आधी मालक किंवा मॅनेजर, कारण माणूस परस्पर चोरत असेल तर मालकाचंही नाव जातं. फायदा मालकालाच होत असेल तर त्याला सांगून उपयोग नाही. मग वैधमापन निरीक्षक आणि बाजार समितीचे सचिव. पंचायत समितीच्या अखत्यारीतलं काम असेल तर गटविकास अधिकारी, त्यांनी दाबलं तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. आरोग्य केंद्राचं वैद्यकीय अधिकाऱ्यांनंतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. सेवा सोसायटीचं सहायक निबंधकांकडे. सोबती लाच मागतो आहे असं समजलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. तिथली खरी तक्रार ज्याच्याकडे लाच मागितली त्याची असते, आणि ती पैसे देण्याआधी करायची असते, कारण सापळा त्यावरच लागतो.

केंद्र सरकारचं खातं, सरकारी बँक, कापूस खरेदी करणारं सीसीआयसारखं केंद्राचं महामंडळ असेल, तर आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गया इथे हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने जनहित प्रकटीकरणाचा ठराव केला. त्याप्रमाणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार पाठवता येते. लिफाफ्यावर ही तक्रार त्या ठरावाखालची आहे असं लिहायचं, आपलं नाव-पत्ता बाहेर घालायचा नाही, आतल्या पत्रात घालायचा. आयोग नाव गुप्त ठेवतो, पण निनावी पत्र या वाटेने चालत नाही. लिफाफ्यावर ते शब्द लिहायचे राहिले तर पत्र साध्या तक्रारीसारखं हाताळलं जातं आणि नाव फुटतं. २०१४ मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही संसदेने केला, पण तो लागू केलेला नाही. कोणी "कायदा आहे, काही होत नाही" असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. राज्य सरकारच्या किंवा खासगी नोकरीत आपलं संरक्षण मुख्यतः आपल्या कागदांतच आहे.

निनावी चिठ्ठीबद्दल लोक फार विचारतात. बहुतेक कचेऱ्यांत ती दप्तरी दाखल होते आणि गावात अक्षर ओळखलं जातं. तरीही तीच पाठवायची वेळ आली तर तिच्यात तपासता येईल अशी गोष्ट हवी: पट्टीचा क्रमांक, तारीख, वेळ. "सगळे खातात" असं लिहिलेल्या चिठ्ठीवरून कोणीही गाडी काढून येत नाही.

तक्रारअर्ज दोन पानांच्या आत ठेवावा. काय पाहिलं, कधी, कुठल्या कागदावर सापडेल, कोण हजर होतं, काय तपासावं. त्या माणसाचं दारूचं, घरचं, जातीचं, जुन्या भांडणाचं एक अक्षर नको. एक जरी शब्द आला तरी चौकशी अधिकारी पहिलं वाक्य तेच उचलतात: "यांचा आपसातला वाद आहे." आधी आपणही काही चुकीच्या पट्ट्यांवर सह्या केल्या असतील तर ते स्वतःच लिहावं, किती आणि केव्हापासून ते. समोरचा ते काढणारच आहे. आपण आधी लिहिलं तर ती कबुली ठरते. त्याने काढलं तर आपण पकडले जातो. हे लिहिणं सोपं नाही. नोकरी जाण्याचीही शक्यता असते. म्हणून देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकिलाला दाखवावं. फोन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. त्याच संध्याकाळी बातमी गावात पोचणार असं धरूनच चालावं. मग कोणीतरी मोठा माणूस घरी येतो. चहा होतो. "लेकराबाळाचा माणूस आहे, तुह्याच आळीतला व्हय" असं निघतं. ऐकून घ्यावं, भांडू नये. तयार कागदावर सही मात्र करू नये. त्या कागदात बहुधा "गैरसमजातून तक्रार केली होती" असं वाक्य असतं. त्यावर सही केली की आपली खरी तक्रार आपल्याच हाताने खोटी ठरते, आणि पुढे आपल्यावरच उलटू शकते. फारच दबाव आला तर "माझं म्हणणं अर्जात आहे, चौकशीत जे निघेल ते मला मान्य आहे" एवढंच लिहून द्यावं.

तक्रारीनंतर आपली हजेरी, रजा, हिशेब एकदम चोख ठेवावे. उशीर नको, उसनवारी नको. पाळी बदलली, बदली झाली, पगार अडला, कोणी धमकावलं, तर तेही त्याच वहीत तारखेनिशी लिहावं. आणि ज्याची तक्रार केली त्याच्याशी कामापुरतं नीट बोलावं. चौकशी पूर्ण होईपर्यंत तो गुन्हेगार ठरलेला नसतो. त्याच्या पोरीच्या लग्नाचं आवतण आलं तर जावं. त्याच्या बायकोला बचत गटातून काढायची भाषा कोणी केली तर तिथे उठून विरोध करावा, आणि हे काम तक्रारदारानेच करावं, कारण त्याच्या बोलण्याला तिथे वजन असतं.

चौकशी अधिकारी आले की आपला जबाब वाचून मगच सही करावी. आपण "चालक सीटवर बसला होता" म्हणालो आणि कागदावर "वजनात फेरफार केला" असं आलं असेल, तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावं, मग ती चूक आपल्या बाजूची असली तरी. चौकशीच्या मध्यात आपलंच एखादं निरीक्षण चुकीचं होतं असं कळलं तर लगेच लेखी कळवावं. उरलेल्या नोंदींवरचा विश्वास त्याने वाढतो.

आणि अर्जाच्या शेवटी एक मागणी लिहावी, जी जवळजवळ कुणीच लिहीत नाही. माणसावर कारवाई करा, एवढ्यावर अर्ज संपतो. मग तो माणूस निलंबित होतो, मार्चमध्ये खरेदी बंद होते, पट्ट्यांचे गठ्ठे बांधून माळ्यावर जातात, आणि ज्याचे ४० किलो गेले तो कास्तकार तसाच राहतो. म्हणून पट्ट्यांचे क्रमांक लिहून मागावं की या गाड्यांच्या वजनाची फेरतपासणी व्हावी आणि फरकाची रक्कम त्या-त्या कास्तकाराच्या खात्यात जमा व्हावी. सोबत त्या पट्ट्या आणि काट्याच्या संगणकातली नोंद चौकशी संपेपर्यंत जपून ठेवण्याचीही मागणी करावी. हा अर्ज खरेदी बंद होण्याआधी जायला हवा.